अतिवृष्टीची सरकती सीमारेषा : नेरळ-माथेरान-खालापूर परिसराचा पर्जन्येतिहास आणि उत्तर ध्रुवीय प्रदेशाचा संदर्भ

प्रास्ताविक

इतिहासलेखनात हवामानाला बहुधा पार्श्वभूमीचे स्थान मिळते. दुष्काळ पडला, महापूर आला, एवढ्यापुरता निसर्ग इतिहासाच्या पानावर येतो आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसा होतो. कर्जत व खालापूर या तालुक्यांचा स्थानिक इतिहास शिकविताना आपण माथेरानच्या 'शोधा'पासून प्रारंभ करतो, बोरघाटातील रेल्वेमार्गाचा उल्लेख करतो आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्यापाशी येऊन थांबतो. या प्रदेशाचे भातशेतीचे अर्थकारण, वस्त्यांची मांडणी, रेल्वे आणि वीजनिर्मिती ही सर्व ज्या पावसावर उभी राहिली, त्या पावसाचा इतिहास मात्र अभ्यासक्रमात कोठेही नाही.

हवामानबदलामुळे टोकाच्या हवामानघटनांचे स्वरूप कसे पालटेल, हा प्रश्न उत्तरेकडील शीत प्रदेशांच्या संदर्भातही विचारला जातो. तेथील तापमानवाढ सर्वांत वेगवान आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न नेरळ-माथेरान-खालापूर या लहानशा टापूत आणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. 'अतिवृष्टी' कशास म्हणावयाचे, धोक्याची जागा कोणती आणि सुरक्षित जागा कोणती, यांविषयीच्या येथील सर्व समजुती जुन्या पावसाच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. त्या समजुती म्हणजेही एक ऐतिहासिक दस्तऐवज होय आणि इतर दस्तऐवजांप्रमाणेच त्यांची चिकित्सा होणे आवश्यक आहे, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

'अति' या शब्दाचे मोजमाप

महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ मिमीपासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ मिमीच्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस गणला जातो. माथेरानला वर्षाकाठी सरासरी सुमारे पाच हजार मिमी पाऊस पडतो व त्यातील फार मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा असतो. म्हणजे महसुली व्याख्या शब्दशः लावली, तर माथेरानच्या जुलैमधील कितीतरी सर्वसाधारण दिवस अतिवृष्टीचे ठरतात. मराठवाड्यातील शेताच्या नुकसानभरपाईसाठी उपयोगी असलेली ही रेषा घाटमाथ्यावर जवळजवळ निरर्थक होते. घाटाखालच्या माणसाच्या लेखी 'अति' म्हणजे काय, हे नदी कोणत्या दगडापर्यंत चढली, कोणता ओढा वाट अडवितो आणि कोणत्या शेताचा बांध फुटतो, यावरून ठरत आले आहे. हे मोजमाप पिढ्यांच्या स्मृतीत असते. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील, या गृहीतकावर ते उभे असते.

चौकचा मुक्काम आणि उन्हाळ्याचे दप्तर

माथेरानचा लिखित इतिहास मे १८५० मध्ये सुरू होतो. ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा तंबू त्या वेळी चौक येथे होता. तेथून एका संध्याकाळी तो वन ट्री हिलच्या सोंडेने डोंगर चढून वर गेला. ठाकर, धनगर व कातकरी जेथे नित्य वावरत होते, त्या डोंगराचा 'शोध' लागल्याची नोंद अशा रीतीने सरकारदरबारी झाली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या आश्रयाने तेथे बंगले उभे राहिले. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग आला आणि नेरळ हे माथेरानचे पायथ्याचे स्थानक बनले.

येथे महिना लक्षात घेण्याजोगा आहे. मॅलेट मे महिन्यात आला. त्याच्यामागून आलेला प्रत्येक साहेब ऑक्टोबर ते मे या काळात आला. पहिला पाऊस पडताच बंगले बंद होत, कौलांवर आणि ओट्यांभोवती पावसाळी आडोसे बांधले जात आणि अधिकारी मुंबईस परतत. जे. वाय. स्मिथ या डॉक्टराने १८७१ मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिले, कॅम्पबेलच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये १८८२ मध्ये माथेरानचे सविस्तर वर्णन आले, १९०५ मध्ये श्रीमती ऑलिव्हर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वनस्पती, पक्षी, पॉइंट आणि पाण्याचे झरे यांविषयी या साहित्यात विपुल माहिती आहे. पर्जन्यमापकाचे आकडेही मिळतात. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत डोंगराच्या उतारावर प्रत्यक्षात काय घडत होते, कोठे माती सरकली, कोणती वाडी उठून दुसरीकडे बसली, याविषयी हे दप्तर फारसे बोलत नाही. लिहिणारे त्या वेळी डोंगरावर नव्हतेच. जे होते त्यांना लिहिता येत नव्हते आणि त्यांना विचारावे, असेही कोणास वाटले नाही.

अभ्यासकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील या टापूची माहिती कुलाबा गॅझेटिअरमध्ये शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

रेल्वेमार्ग : पावसाने लिहिलेली नोंदवही

लिखित साधने मौन पाळतात तेथे बांधकामे बोलतात. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभारलेला नेरळ-माथेरान मार्ग २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाला. दोन फुटी रूळ, वीस फुटांस एक फूट असा चढ आणि सुमारे वीस किलोमीटरची वळणावळणांची वाट. या वाटेवरील प्रत्येक मोरी, प्रत्येक गटार आणि दगडी धरभिंत म्हणजे 'इतके पाणी येईल' असा १९०७ च्या सुमारास बांधलेला एक अंदाज आहे. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान ही गाडी बंद ठेवण्याचा प्रघात पडला, त्यात व्यवहारी शहाणपण होते. डोंगराशी चार महिने वाद घालावयाचा नाही, हा जुना तह होता.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हा तह मोडला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा वेधशाळेत तो ७५ मिमीच्याही आतच होता. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक पडावा, ही गोष्ट सरासरीवर विसंबणाऱ्यांना अंतर्मुख करणारी आहे. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. माथेरानच्या रेल्वेमार्गाचे मोठे भाग वाहून गेले आणि तो पुन्हा सुरू होण्यास मार्च २००७ उजाडले, म्हणजे मार्गाची शताब्दी त्याच्या पुनर्बांधणीतच आली. २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग पुन्हा उद्ध्वस्त झाला. उतारांची आणि निचऱ्याची कामे करून तो नेरळपासून वरपर्यंत सुरू झाला तो २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. पहिल्या खेपेस दीड वर्षाहून अधिक आणि दुसऱ्या खेपेस सुमारे तीन वर्षे मार्ग बंद राहिला. त्यास दुरुस्तीतील दिरंगाई, निधीची चणचण, २०२० ची महासाथ अशी मानवी कारणेही आहेत. तरीही अंदाजाची मोरी आणि प्रत्यक्षातले पाणी यांचा मेळ आता बसत नाही, ही गोष्ट उरतेच.

म्हातारा पाऊस

या परिसरातील व लगतच्या आपत्तींच्या तारखा एकत्र मांडल्या असता एक गोष्ट नजरेत भरते. शेजारच्या सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा अंबा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाले ते २४ जुलै १९८९ रोजी. मुंबई-रायगडचा प्रलय २६ जुलै २००५ चा. भीमाशंकरच्या पलीकडे आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान, म्हणजे नेरळपासून अगदी जवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले तो दिवस २७ जुलै २०१९. महाडमधील तळियेची दरड २२ जुलै २०२१ ची.

या सर्व तारखा पुष्य नक्षत्रातील आहेत. आपल्या शेतकऱ्यांनी पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' असे नाव दिले आहे. भात लावणी उरकत आलेली असते, जमीन दीड महिन्याच्या पावसाने तुडुंब झालेली असते आणि अशा वेळी हा म्हातारा येतो. यावरून कोणी हवामानबदल सिद्ध झाला असे म्हणू लागल्यास ते घाईचे होईल. जुलैचा उत्तरार्ध हा मोसमी पावसाचा ऐन भर, तेव्हा आपत्तींची दाटी तेथे होणे स्वाभाविक आहे. उलट, नक्षत्रांच्या लोकपरंपरेला धोक्याचा काळ नेमका ठाऊक होता, एवढेच त्यावरून दिसते. परंपरेला काळ ठाऊक होता, माप मात्र जुन्या पावसाचे होते.

मापाविषयी शास्त्रज्ञांनी काय म्हटले आहे, ते पाहू. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या व मध्यम पावसाच्या घटल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळासाठी, विस्तृत क्षेत्रावरील अत्यंत जोरदार पावसाच्या घटना मध्य भारतात तिपटीने वाढल्याचे मांडले आणि तिचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोटांशी जोडला. हे निष्कर्ष मुख्यतः मध्य भारताच्या पट्ट्याचे आहेत. ते नेरळच्या डोंगराला जसेच्या तसे चिकटविणे शास्त्रीय शिस्तीत बसणार नाही. परंतु ते बाष्प ज्या समुद्रावरून येते, त्याच्या वाटेतील पहिली भिंत सह्याद्रीच आहे. केरळातील वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी झालेल्या भूस्खलनानंतर शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केलेल्या अभ्यासात, तो पाऊस मानवी तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तीव्र झाल्याचा अंदाज आला. दहा टक्के ही वाढ ऐकावयास किरकोळ वाटते. काठोकाठ भरलेल्या उतारावर ती किरकोळ नसते.

उत्तरेकडील आरसा

उत्तर ध्रुवीय प्रदेशाचा विचार आता करावयास हरकत नाही. फिनलंडच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७९ पासून हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. सैबेरियातील वर्खोयान्स्क हे गाव एके काळी उणे ६७.८ अंश तापमानासाठी प्रसिद्ध होते. तेथे २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद ग्राह्य धरली. पुढील दशकांत तेथील कडाक्याच्या थंडीचे दिवस घटतील, भर हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतील आणि सदैव गोठलेली म्हणून मानलेली जमीन भुसभुशीत होत जाईल, असा अभ्यासकांचा कल आहे. ध्रुवीय तापमानवाढीमुळे उंचावरील वाऱ्यांचा झोत अधिक नागमोडी होऊन दक्षिणेकडे शीतलहरी येतात का, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाशी भारताचा थेट संबंध आहे. तेथील न्यू-ओलेसुंद येथे 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून कार्यरत झाले. त्याच द्वीपसमूहातील लाँगयरब्येन या गावावर १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगरावरून हिमकडा कोसळला. घरे पायापासून ढकलली गेली आणि दोघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर धोक्याच्या रेषा नव्याने आखून अनेक घरे हलविण्यात आली. जगभरातील बियाण्यांचे भांडार याच गावाजवळ २००८ मध्ये गोठलेल्या डोंगरात खोदले गेले, कारण ही जमीन कायम गोठलेलीच राहील असे गृहीत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये उष्मा आणि पाऊस यांमुळे त्याच्या प्रवेशबोगद्यात पाणी शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण बोगदा नव्याने बांधावा लागला. नेरळच्या डोंगरावरील १९०७ ची मोरी आणि स्वालबार्डमधील २००८ चा बोगदा यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. चूक एकच आहे. कालचे हवामान हेच उद्याचे मानून दोन्ही बांधले गेले.

उत्तर आणि आपण यांचा संबंध केवळ साम्याचा नसावा, असेही एक संशोधन सुचविते. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी इतरांसमवेत २०२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रातील उन्हाळी बर्फ घटले की वातावरणाच्या वरच्या थरातील अभिसरण पालटते आणि उबदार अरबी समुद्राच्या साहाय्याने भारतात सप्टेंबरमध्ये टोकाचा पाऊस पडण्यास अनुकूलता निर्माण होते, असा तो संभाव्य संबंध आहे. लेखकांनी 'संभाव्य' हा शब्द जाणीवपूर्वक योजला आहे व आपणही तो गाळू नये. तथापि हे खरे ठरल्यास कर्जतच्या शेतकऱ्यास त्याची झळ नेमकी कोठे बसेल, हे सांगता येते. येथे हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तीन प्रकारचे भात घेतले जाते. हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस कापणीला येते, तर निमगरवे त्या सुमारास फुलोऱ्यातून दाण्यात येत असते. त्या वेळी मुसळधार पाऊस आल्यास हळवे आडवे पडते व दाणा शेतातच उगवतो. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वाणांचे कालावधी पाऊस कधी ओसरतो या अनुभवावर बेतलेले आहेत. तोही एक अंदाजच.

यादीबाहेरची वाडी

खालापूर तालुक्यात चौकच्या वर इरशाळगड उभा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. शासनाने दिलेल्या माहितीनुसार १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिमी पाऊस झाला होता. वाडीस रस्ता नव्हता. पायथ्यापासून तासाभराची चढण, चिखल व धुके यांमुळे यंत्रसामग्री वर नेता आली नाही आणि शोधकार्य हातानेच करावे लागले. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले व २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. वाचलेल्यांसाठी पुढे चौक परिसरात घरे बांधण्यात आली. मॅलेटचा तंबू १८५० मध्ये जेथे पडला होता, तेच हे चौक.

दरडप्रवण गावांच्या यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते, असे त्या वेळी शासनाने सांगितले. या विधानाकडे बहुतेकांनी खुलासा म्हणून पाहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने ते पुरावा म्हणून वाचावे. यादी कशी तयार होते? जेथे पूर्वी दरड कोसळली, जेथे भेगा दिसल्या, जेथून तक्रार आली, ती गावे तीत येतात. म्हणजे यादी ही भूतकाळाची नोंद असते आणि तिच्यात नाव येण्यासाठी आधी नोंद होणे आवश्यक असते. ज्या डोंगरवस्त्यांचा पावसाळा दीडशे वर्षांत कोणत्याही दप्तरात आला नाही, त्या यादीत येणार कशा? येथे दोन उणिवा एकमेकींना मिळतात. एक म्हणजे जुन्या पावसावर आखलेली रेषा आता सरकते आहे, आणि दुसरी म्हणजे ती रेषा आखतानाच काही माणसे मोजलेली नव्हती. पर्जन्यमापनाचीही हीच गत आहे. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आली ही मोठीच सुधारणा होय, पण मंडळाचे केंद्र आणि सुळक्याखालचा उतार येथील पाऊस एकच असेल, ही खात्री सांताक्रूझ-कुलाब्याच्या आकड्यांनंतर कोणी देऊ नये.

हवामानबदल हा शब्द सोयीचाही होऊ शकतो, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २९ मे २०२० रोजी सैबेरियातील नोरिल्स्क येथे इंधनाची टाकी खचून सुमारे वीस हजार टन डिझेल नद्यांत व जमिनीत गेले. मालक कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखविले, तर तेथील तपासयंत्रणेने बांधकामातील व देखरेखीतील दोष पुढे आणले. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. कर्जत-खालापुरात डोंगरउतार कापून उठलेली फार्महाऊसे, द्रुतगती मार्गासाठी तासलेले कडे आणि आडोशीजवळ २०१५ व २०२३ च्या जुलैत आलेल्या दरडी पाहिल्या की, सगळा भार आभाळावर टाकणे किती सोपे आहे, हे कळते. माथेरान परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. त्या क्षेत्राच्या भोवती गेल्या दोन दशकांत जमिनीचे काय झाले, याचा हिशेब पावसाच्या हिशेबाशेजारी ठेवूनच वाचावा लागेल.

साधनांचा प्रश्न

हा हिशेब मांडावयाचा तर कागद हवेत. रेल्वेच्या मार्गदुरुस्तीच्या नोंदी, आश्रमशाळा व जिल्हा परिषद शाळांची हजेरीपुस्तके, ज्यांत पावसामुळे शाळा बंद राहिल्याच्या तारखा सापडतात, ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, पोलीस पाटलांचे अहवाल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तलाठ्यांनी केलेले पंचनामे, हे या परिसराच्या पर्जन्येतिहासाचे खरे साधन आहे. कोणत्या गट क्रमांकातील बांध वाहिला, कोणत्या घराची भिंत कोणत्या दिवशी पडली, इतका तपशील गॅझेटिअरमध्ये नाही आणि उपग्रहाच्या चित्रातही नाही. त्याला जोड द्यावी लागेल ती वाड्यावस्त्यांवरील वृद्धांच्या मौखिक कथनाची, आणि ती ठाकर व कातकरी बोलीतच नोंदवावी लागेल, कारण माती, उतार व ओढ्यांचे सूक्ष्म भेद सांगणारे शब्द प्रमाण मराठीत आणताना गळून पडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध या कामास सहज जुंपता येतील.

शासकीय अभिलेख अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवले जातात व कायम जतनाचा वर्ग वगळता बाकीचे मुदत संपल्यावर नष्ट करता येतात. नैसर्गिक आपत्तीचे पंचनामे कायम जतनाच्या वर्गात घालावेत, अशी मागणी महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयास हवी. २००५ च्या पंचनाम्यांना वीस वर्षे उलटून गेली आहेत.